पोळीच्या पोटात भाजी

दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्या ओट्यांवर पुठ्ठे अंथरले जातात. मडगावात, म्हापशात, पणजीच्या मार्केटजवळ, रेल्वे स्टेशनाबाहेर, गोव्याच्या सरकारी कदंब बसच्या स्थानकाच्या कडेला. दिवसभर कोणाच्या नजरेत न भरलेली माणसं त्या वेळी एकेक करून आपापल्या जागेवर परततात. त्यांच्यासाठी तयार खाण्याची पिशवी भरायची असेल तर विचाराला सुरुवात त्या ओट्यावरून करावी. स्वयंपाकघराची पाळी नंतर. ओट्यावर चूल नाही, कपाट नाही, ताट-चमचा नाही, पुष्कळदा पाणी नाही. उजेड रस्त्याच्या दिव्याचा. कुत्री आणि घुशी मात्र आहेत. जवळचं शौचालय एकतर पैसे घेतं, नाहीतर रात्री कुलपात असतं. ज्याच्या हातात पिशवी पडणार त्याची बोटं कदाचित सुजलेली असतील, दात पडलेले असतील, सकाळपासून पोटात एका चहाशिवाय काही गेलेलं नसेल.

एवढं डोळ्यांपुढे ठेवलं तर निम्मी यादी आपोआप गळून पडते. कच्चे तांदूळ आणि डाळ नको, शिजवणार कशावर? डबाबंद पदार्थ नको, डबा फोडायला काही नाही. नूडल्सची पाकिटं नकोत. दहीभात नको, मेयोनीज नको. हळदीकुंकवाला आणि वाढदिवसाला हमखास होणारी हिरव्या चटणीची सँडविचं तर मुळीच नकोत, कारण त्या चटणीत ओला नारळ असतो.

नारळाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण गोव्यातल्या स्वयंपाकात सगळ्यात अवघड काय असेल तर नारळ न घालणं. भाजी उतरवताना मूठभर खोबरं पेरल्याशिवाय ती पुरी झाली असं इथल्या हाताला वाटतच नाही. घरात अर्ध्या तासात जेवायचं असेल तेव्हा ते ठीक. पण ओलं खोवलेलं खोबरं म्हणजे ओलावा, स्निग्धता आणि थोडी साखर, वर खोवणी आणि हात यांचा स्पर्श. इथल्या दमट उन्हात ते फार लवकर आंबतं, आणि आंबल्याचा वास मसाल्यात लपतो. अंधारात खाणाऱ्याला तो कळत नाही. म्हणून पिशवीतली भाजी बिनखोबऱ्याची. किसमूरही, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, त्याच कारणाने बाद. सुकी सुंगटं (कोळंबी) टिकतील, पण किसमुरात खोबरं आहेच. शिवाय मासळीच्या वासाने कुत्री माणसाच्या उशाशी येतात.

शिजवलेल्या अन्नाचा एक हिशेब जगभर मानला जातो: ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये ते दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास. एप्रिल-मेच्या दुपारी पणजीत पारा ३२-३३ला सहज टेकतो, म्हणजे दुपारच्या वाटपाला हातात एकच तास. त्या दोन महिन्यांत दुपारची शिजवलेली पिशवी मी तरी बादच समजेन. संध्याकाळची चालते.

भात आणि खिचडी हा बहुतेकांचा पहिला विचार असतो. स्वस्त, पोटभर, एका टोपात शंभर जणांचं होतं. चूक त्या टोपातच होते. पंचवीस लिटरच्या टोपातली खिचडी वरून गार झालेली दिसली तरी मधोमध कित्येक तास कोमट असते. भातात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. कोमट ओलाव्यात ती जागी होतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणजे निघायच्या आधी "एक कढ काढला" की झालं, हा दिलासा खोटा आहे. भात द्यायचाच असेल तर वाफाळता असताना जागेवर नेऊन वाढावा, पानात. पिशवीत भरू नये.

पिशवीसाठी गोव्याने एक फार सुंदर गोष्ट तयार ठेवली आहे. पोळी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, इथली पोळी म्हणजे चपाती नव्हे आणि पुरणपोळीही नव्हे. कोंड्यावर थापलेली, भट्टीत फुगणारी, पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरच्या टोपलीतून भोंगा वाजवत दारात आणतो ती. तिच्या पोटात पोकळी असते. एका बाजूने चीर दिली की तिचा खिसा होतो, आणि त्या खिशात भाजी भरली की ताट, वाटी, चमचा, सगळंच मिटतं. एका हातात धरून, अंधारात, न सांडता खाता येते. कोंड्यामुळे पोट बराच वेळ भरल्यासारखं राहतं. पोदेराला आदल्या दिवशी सांगून ठेवावं. पन्नास पिशव्यांना शंभर पोळ्या लागतात. त्या ऐन वेळी दारात मागितल्या तर वाड्यावरच्या चार घरांच्या तोंडचा घास आपण काढून घेतलेला असतो.

आता भाजी. बटाट्याची, सुकी. पन्नास पिशव्या, प्रत्येकी १२० ग्रॅम, म्हणजे सहा किलो तयार भाजी. सालं आणि डागाळलेले भाग जातात, म्हणून बटाटे सात किलो घ्यावेत. तेल पाव लिटर, मोहरी, हळद, भरपूर आलं, कढीपत्ता. मीठ चवीला लागेल त्याहून किंचित कमी. हिरवी मिरची मूठभर नव्हे, चार-पाच आणि त्याही अख्ख्या, फोडणीत टाकून भरायच्या आधी वेचून काढायच्या. मीठ-मिरची कमी असण्याचं कारण चवीचं नाही. खारट खाल्लं की तहान लागते, पाणी प्यालं की शौचालय शोधावं लागतं, आणि रस्त्यावर राहणाऱ्या बाया रात्रीच्या त्या शोधाच्या भीतीने मुळात पाणीच कमी पितात. रिकाम्या पोटी गेलेली मिरची ज्या घाईने बाहेर पडते ती घाई ओट्यावर भागवणार कुठे? आपल्या जिभेला अळणी वाटेल अशी भाजी तिथे नेमकी बसते. कांदा-टोमॅटो घालू नये, पाणी सुटतं.

भाजी उतरवल्यावर कढईत झाकून ठेवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत भाजीत पडते, भाजी ओली होते, ती पोळीत भरली की पोळी तळाशी लगदा होते. रुंद परातीत दोन बोटं जाडीचा थर पसरावा, वर पंखा, माश्यांसाठी मलमल. पंधरा-वीस मिनिटांत हाताला कोमट लागते. पोळीही गरमागरम पिशवीत कोंडू नये. टोपलीतून उतरवल्यावर दहा मिनिटं फडक्यावर सुटी मांडावी, नाहीतर तिची स्वतःची वाफ तिलाच मऊ करते. साडेसातला तोंडात घातलेली पोळी आणि सहाला भरलेली पोळी यांत जो फरक असतो तो बहुधा या दहा मिनिटांचा असतो.

वेळापत्रक उलटं मांडावं. शेवटची पिशवी हातात पडण्याची वेळ साडेसात. मग गाडी साडेसहाला निघायला हवी. भरणं सहाला. पोळ्या पावणेसहाला फडक्यावर. भाजी साडेपाचला परातीत. फोडणी पाचला. बटाटे चारला गॅसवर. यातलं काहीही आधी केलं तर दोन तासांतला वेळ आपणच खाल्ला. "सकाळीच करून ठेवू, संध्याकाळी धावपळ नको" या वाक्याने जितकी अन्नं बिघडली असतील तितकी उन्हानेही नसतील. आणि मदतीला आलेल्यांपैकी ज्याच्या बोटाला कापलेलं आहे, ज्याला सर्दी आहे, त्याने बटाटे सोलू नयेत की पोळ्या भरू नयेत. पाण्याच्या बाटल्या मोजाव्यात, गाठी बांधाव्यात, गाडी चालवावी. जखमेतून आणि नाकातून जाणाऱ्या जंतूंचं विषही गरम केल्याने मरत नाही. हातमोज्यांवर फार विसंबू नये. मोजा घातलेला हात तासाभरात तीनदा मोबाइलला लागलेला असतो, आणि मोजा आहे म्हणून कोणी तो धूत नाही.

गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नका. छपाईच्या शाईतली रसायनं तेलकट अन्नात उतरतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तसा इशारा दिलेला आहे. चांदीसारख्या चकचकीत फॉइलमध्ये घाम धरतो. इथे परसात, नाहीतर बाजारात केळीचं पान मिळतं, ते घ्यावं. ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसावं, मधली जाड शीर मागून सुरीने तासून टाकावी, आणि गॅसच्या धगीवरून पान हळूहळू सरकवत न्यावं. पाहता पाहता त्याचा पोपटी रंग गडद होतो, वर मेणासारखी चमक येते, आणि क्षणापूर्वी दुमडताच चरकन फाटणारं पान कापडासारखं लवतं. एवढंच. पोळी मधे ठेवून चार बाजू मोडायच्या, सुतळी नको, जाड दोरा घ्यायचा आणि सुरगाठ मारायची. एक टोक ओढलं की सुटणारी. सांधे आखडलेल्या बोटांना निरगाठ सुटत नाही. दातांनी सोडवावी तर दात नाहीत. खाऊन झाल्यावर पान गाय खाते. ओट्याच्या मालकाला सकाळी कचरा दिसला नाही तर त्या माणसाची तिथली जागा राहते, आणि ते जेवणाइतकंच मोलाचं आहे.

हे झालं आज रात्रीचं. पण मला जास्त आग्रह दुसऱ्या भागाचा आहे, उद्याच्या पुडीचा. रस्त्यावरची भूक रोजची असते आणि वाटप आठवड्यातून एकदा. म्हणून प्रत्येक पिशवीत एक पुडी न बिघडणाऱ्या जिनसांची असावी. फुटाणे १०० ग्रॅम, खजूर सहा-सात, राजगिऱ्याचे लाडू दोन, ग्लुकोजच्या बिस्किटांचा छोटा पुडा, आणि २०० मिलीचा दुधाचा टेट्रा पॅक, जो फ्रिजशिवाय टिकतो पण फोडला की लगेच संपवायचा असतो. एवढ्यात सुमारे हजार कॅलरी आणि तीसेक ग्रॅम प्रथिनं येतात. खाजे घालावंसं वाटतं, जत्रेतलं, आल्याच्या वासाचं, आणि टिकतंही ते चांगलं. पण दात लागतात. काकणांचंही, म्हणजे बांगडीच्या आकाराच्या कडक पावांचंही, तेच. आठवडाभर कुरकुरीत राहतील, पण चहात बुडवल्याशिवाय म्हाताऱ्या तोंडाला उपयोग नाही.

म्हणून पिशव्या दोन प्रकारच्या कराव्यात, दातांच्या आणि बिनदातांच्या. पन्नासांत पंधरा तरी मऊ असाव्यात. त्यांत उंडे, म्हणजे इथले कडक कवचाचे गोल पाव, नकोत, पोळीऐवजी मऊ पाव, भाजी पूर्ण कुस्करलेली, आणि फुटाण्यांच्या जागी डाळ्याच्या पिठाचा लाडू. हा लाडू सांगून ठेवतो, कारण तो तोंडात विरघळतो आणि पोटाला आधार देतो. शंभर लाडवांसाठी डाळ्याचं बारीक पीठ १ किलो ६०० ग्रॅम, पिठीसाखर ८०० ग्रॅम, साजूक तूप ६०० ग्रॅम. मिळून तीन किलो, एकेक लाडू तीस ग्रॅमचा. डाळं आधीच भाजलेलं असतं, पण दळण्याआधी कढईत पाच मिनिटं पुन्हा गरम करावं. पावसाळ्यात त्याने ओल धरलेली असते, आणि तीच ओल चौथ्या दिवशी बुरशी होऊन वर येते. माडाचा गूळ कितीही चांगला असला तरी पावसात तो स्वतःच पाणी ओढतो, म्हणून जून ते सप्टेंबर साखर. मेमध्ये उलट अडचण: तूप पातळ होऊन लाडू बसतात, पुडीत त्यांची पोळी होते. तेव्हा तूप शंभर ग्रॅम कमी करून बिया काढलेला खजूर वाटून मळावा.

मात्र गोडाचा जोर सांभाळावा. बिस्किटं, लाडू, खजूर, केळं, वर आणखी गोड सरबत, अशी पिशवी देणाऱ्याला उदार वाटते. मधुमेह असलेल्या माणसाला ती जड जाते, आणि आपल्याला मधुमेह आहे हे रस्त्यावरच्या पुष्कळांना माहीतही नसतं. सरबत तरी नकोच.

केळी घ्यायची तर सालदाटी. नावातच गुण आहे. जाड सालीची केळी पिशवीत दाबली गेली तरी टिकतात. रसबाळी चवीला वरचढ, पण साल पातळ, उशाखाली रात्रभर राहिलं की काळं पडतं. आणि पिशवी उशाखालीच जाते, हे गृहीत धरावं. उंदीर-कुत्र्यांपासून तीच एक तिजोरी. म्हणून भरण्याचा क्रम: तळाला बाटली आडवी, तिच्या बाजूने टेट्रा पॅक आणि सुकी पुडी, वर केळी, सगळ्यात वर पानातली पोळी, जी पहिली खायची असते. उकडलेलं अंडं घालायचं असेल तर सालीसकट, आणि तेही भाजीसारखंच त्याच रात्री संपवायचं. उकडताना कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं, त्यामुळे सालीत आहे म्हणून ते टिकतं ही समजूत खरी नाही.

पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची, सीलबंद. हिच्या टोपणाकडे कोणी पाहत नाही. नव्या बाटलीचं सील फोडायला चांगला पिळा द्यावा लागतो, आणि थरथरत्या हाताला तो जमत नाही. मग आपणच आधी सैल करून ठेवावं का? नाही. फोडलेलं सील पाहून माणूस पाणी पीत नाही, आणि त्याचा संशय रास्त आहे. रस्त्यावर झोपणाऱ्याला गुंगीचं काही पाजून लुबाडल्याच्या गोष्टी त्याने ऐकलेल्या असतात. त्याच्या देखत, त्याला विचारून, तिथेच उघडून द्यावी. "मावशी, उघडून देऊ?" एवढं पुरे.

ओआरएसची पुडी घालणारे पुष्कळ आहेत. हेतू चांगला, पण सर्रास मिळणारी मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते आणि आपण दिलेली बाटली अर्ध्या लिटरची. पूर्ण पुडी त्यात रिकामी केली की द्रावण दुप्पट तीव्र होतं, आणि जुलाबाने सुकलेल्या शरीराला ते बाधतं. २०० मिलीसाठीची छोटी पुडी मिळते, पण तिलाही मोजायला पेला लागतो. पेला देता येत नसेल तर पुडी देऊ नये.

पिशवी कापडाची. जुन्या साडीची, पडद्याची, साधारण २५ बाय ३५ सेंटिमीटर, दोन मजबूत बंदांची. बंद हवेतच, खिळ्याला किंवा गजाला टांगता येते. कागदी पिशवी इथल्या जूनमध्ये दारातून गाडीपर्यंतही धड जात नाही. प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांवर तर बंदीच आहे, १२० मायक्रॉनच्या खालच्या डिसेंबर २०२२च्या अखेरीपासून. पावसाळ्यात सुक्या पुडीला मात्र आत जाड, पुन्हा बंद होणारी प्लास्टिकची थैली द्यावी. ती नंतर कागदपत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या, पैसे ठेवायला कामी येते. भरलेल्या पिशवीचं वजन सव्वा किलोच्या आत राहू द्यावं. पन्नास पिशव्या म्हणजे साठ किलो, त्या दोन स्कूटरींवर नेल्या तर खालच्या पोळ्या चेपतात. व्हॅन सांगावी.

कोणती वस्तू आज आणि कोणती उद्या, हे सांगायचं कसं? चिठ्ठीवर पदार्थ, तारीख, केल्याची वेळ आणि "आज, मिळताच खावं" असं लिहावंच. पण ओट्यावरची माणसं कर्नाटकातून, ओडिशातून, बिहार-झारखंडातून आलेली असतात, देवनागरी सगळ्यांना येत नाही आणि वाचणं सगळ्यांना येत नाही. काही जण लाल-हिरवे दोरे बांधतात. हिरवा ठिपका शाकाहाराचा, हे पाकिटांवरून लोकांच्या डोळ्यांत बसलेलं आहे, त्यामुळे हिरवा दोरा "टिकणारं" सांगण्याऐवजी भलतंच सांगतो. आजच्याला पांढरा, उद्याच्याला निळा, आणि हातात देताना तोंडाने. हिंदीत "यह अभी खाना". कन्नड माणसाला "ईगले तिन्नि". आपल्या बोलीतला एक शब्द ऐकून मान वर होते ती बघण्यासारखी असते.

देताना झोपलेल्याला उठवू नये आणि पिशवी शेजारी ठेवून निघूनही येऊ नये, ती सकाळपर्यंत कुत्र्यांची होते. फोटो काढू नये. वाकून नव्हे, खाली बसून द्यावी. "काका, जेवलात?" असं विचारावं, आणि तो हो म्हणाला तर फक्त निळ्या दोऱ्याची पुडी पुढे करावी. नको म्हणणाऱ्याला आग्रह नको.

कुठल्या दिवशी द्यायचं हाही अभ्यासाचा भाग आहे. नोव्हेंबरअखेर जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात, ३ डिसेंबरला फेस्त. त्या दिवसांत तिथे खाणं हातोहात मिळतं, आपली पोळी नेली तर ती वाया जाईल. निळी पुडी न्यावी. उलट चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, पहिले दोन दिवस. घराघरांत अनेक भाज्यांचं खतखतं, नेवऱ्या, पातोळ्या, आणि बाजारात शुकशुकाट. भाजीपावची हॉटेलं बंद, गाडे बंद, कामगार गावी गेलेले. हॉटेलच्या मागच्या दारावर ज्याचं रोजचं जेवण ठरलेलं असतं त्याला गोव्याच्या सर्वांत मोठ्या सणाला उपास घडतो. मेअखेर किनाऱ्यावरचे शॅक उतरवले की तिथलं उरलेलं अन्न आणि फुटकळ कामंही संपतात, आणि पाऊस लागायच्या सुमारास ती माणसं शहरांकडे सरकतात. वर्षातून दोनदाच जमणार असेल तर चवथीचा दुसरा दिवस आणि जूनचा पहिला आठवडा निवडावा. चवथीला पोदेर येणार आहे की नाही हे आधी विचारून ठेवावं. नसेल तर चपात्या: पाच किलो पिठाच्या दोनशे होतात, पिशवीला चार.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानं उघडायच्या आधी, त्याच ओट्यांवरून एक चक्कर मारावी. काही न देता. केळीची पानं कुठे पडली आहेत, कोणी लाडवाला मुंग्या लागल्या म्हणून तो कडेला टाकला आहे, दुधाचा पॅक न फोडता कुठे राहिला आहे, हे पाहून वहीत लिहावं. पोळीच्या कडा तशाच पडलेल्या दिसल्या, तर पुढच्या फेरीला त्या ओट्यासाठी पाव.